खुलासा : गर्भपातासाठी नवऱ्याची सही लागत नाही

'कर्नाटकात नवऱ्याच्या सहीशिवाय गर्भपात होत नाही, अविवाहित मुलींनी कोल्हापूर गाठावं,' असा मेसेज खानापूर, निपाणी भागात फिरतोय. तो साफ चुकीचा आहे. गर्भपाताचा १९७१ चा कायदा केंद्राचा. बेळगावात आणि कोल्हापुरात एकच. १८ वर्षांवरील स्त्रीची स्वतःची लेखी संमती पुरते. अल्पवयीन असेल तर पालकांची लागते. नवऱ्याची सही मागितलीच तर या कायद्याचं कलम ३(४) दाखवा.

२० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत लागतं. २० ते २४ मध्ये दोघांचं, तेही ठरावीक कारणांसाठीच. मात्र त्यातून अविवाहितांना वगळणं घटनेच्या कलम १४ विरुद्ध आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ ला सांगितलं. मूल हवं की नको हा निर्णय कलम २१ मधल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचं २००९ मध्येच मान्य झालंय.

घोटाळा होतो तो मोजणीत. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतात. पाळी चुकल्यापासून मोजलं की जवळपास चार आठवडे कमी भरतात. म्हणून पाळीच्या पहिल्या दिवसाची तारीख लिहून ठेवा. संमतीपत्र कन्नडमध्ये असेल तर मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नका. नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे.