भुतांची नोंदवही कुणी ठेवायची?

माझा भाचा पुण्यात कॉमिक्स करतो. यावर्षी त्याने मुंजा, गिऱ्हा, हडळ, राखणदार अशी सगळी आपल्याकडची मंडळी घेऊन एक मोठी गोष्ट लिहायला घेतलीय आणि तिची पहिली काही पानं फॅमिली ग्रुपवर टाकली, झालं, तेव्हापासून ग्रुप पेटलाय. काकांचं आयुष्य अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात गेलं, ते म्हणाले आम्ही गावोगाव फिरून लोकांच्या डोक्यातलं भूत काढायचं आणि तुम्ही रंगीत चित्रं काढून ते परत बसवायचं का. सावंतवाडीच्या मामीचं म्हणणं वेगळं, कोकण म्हटलं की तुम्हाला भुतंच का दिसतात रे, २०१६ साली टीव्हीवर 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका लागली तेव्हाही आम्ही हेच ओरडत होतो. आणि तरुण मंडळी म्हणतायत की २०२४ मध्ये 'मुंज्या' पिक्चर चालला ना, बाहेरचे लोक नॉर्स देवांवर एवढे पिक्चर काढतात, मग आपलं युनिव्हर्स का नको?

मी तोक्योत राहते, त्यामुळे ही भांडणं मला सकाळी उठल्यावर एकदम वाचायला मिळतात. तिन्ही बाजूंचं मला थोडं थोडं पटतं, पण खटकलं ते वेगळंच. या गदारोळात भाच्याने मध्येच एक साधा प्रश्न टाकला होता, "गिऱ्हा दिसतो कसा? पाण्यात असतो आणि ओढून नेतो एवढंच मला माहितीय." त्याला कोणीच उत्तर दिलं नाही. विरोध करणाऱ्यांनी नाही, पाठिंबा देणाऱ्यांनी नाही, आणि ज्या मामीच्या गावाला नदी आहे तिनेही नाही. भूत गोष्टीत आणावं की नाही यावर शंभर मेसेज, पण ते भूत मुळात काय आहे हे कोणालाच नीट माहीत नाही.

इथे कप्पा नावाचा पाण्यातला प्राणी आहे, आपल्या गिऱ्ह्याचा लांबचा भाऊच म्हणा. माझ्या मुलीच्या वर्गातल्या कुठल्याही पोराला विचारा, तो धडाधड सांगेल की कप्पाच्या डोक्यावर बशीसारखा खळगा असतो, त्यात पाणी असतं, ते सांडलं की त्याची ताकद गेली, म्हणून तो समोर आला की आपण वाकून नमस्कार करायचा, मग तोही रीतीप्रमाणे वाकतो आणि पाणी सांडतं. त्याला सुमो कुस्ती आवडते, काकडी तर इतकी आवडते की काकडीच्या सुशीरोलला कप्पामाकीच म्हणतात. तो घोड्यांना आणि पोरांना पाण्यात ओढतो. आता बघा, एवढे नियम हातात आले की लेखकाचं अर्धं काम झालं. जीव घेणारा आहे, पण समोरच्याने नमस्कार केला तर उलट नमस्कार केल्याशिवाय त्याला राहवत नाही, हा विरोधाभास एका माणसाने बसून सुचवलेला नाही, लोकांनी पिढ्यानपिढ्या घडवलाय. म्हणून इथला लेखक कप्पाला विनोदी करो, दुःखी करो, शहरातल्या गटारात नेऊन ठेवो, वाचक त्याच्याबरोबर जातो.

हे आपोआप झालेलं नाही. तोरियामा सेकिएन नावाच्या चित्रकाराने १७७६ साली अशा प्राण्यांचं सचित्र पुस्तक काढलं, त्यांना इथे एकत्र योकाई म्हणतात. पण मला सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं ते इनोउए एन्र्यो या माणसाबद्दल, आणि ते खास आमच्या काकांसाठी. हा तत्त्वज्ञानाचा माणूस, जन्म १८५८चा, त्याने १८८७ मध्ये काढलेल्या शाळेचं पुढे तोयो विद्यापीठ झालं. त्याला जपानमधली अंधश्रद्धा घालवायची होती. त्या काळात कोक्कुरी नावाचा प्रकार सगळीकडे पसरला होता, बांबूच्या तीन काड्या, त्यावर झाकण, सगळ्यांनी हात ठेवायचे आणि आत्मा उत्तर देतो, म्हणजे आपल्या हॉस्टेलवरचं प्लँचेटच. एन्र्योने दाखवून दिलं की आपल्याच हाताचे स्नायू नकळत हलतात, आत्मा वगैरे काही नाही. पण तो तिथे थांबला नाही. भ्रम दूर करायचा तर आधी तो काय आहे हे पूर्ण माहीत हवं, म्हणून तो देशभर व्याख्यानं देत फिरला आणि जाईल तिथून भुताखेतांच्या हकिकती गोळा केल्या, वर्गवारी केली, छापल्या. लोक त्याला भूतडॉक्टर म्हणायला लागले. तोक्योच्या नाकानो भागात त्याने उभारलेली तत्त्वज्ञानाची बाग आहे, तेत्सुगाकुदो, तिच्या जुन्या लाकडी दरवाजात देवळाच्या द्वारपालांच्या जागी एका बाजूला तेंगू हा लांब नाकाचा योकाई आणि दुसऱ्या बाजूला भूत उभं केलेलं आहे. एका विवेकवाद्याच्या बागेच्या दारात. मी तिथे जाते तेव्हा काकांची फार आठवण येते, कारण त्यांच्याकडे अशा हकिकतींचा खजिना आहे, कुठल्या वाडीत कुठल्या झाडाला लोक का घाबरतात, कुठे काय सांगून बाईला मारहाण झाली, आणि ते सगळं डोक्यातच पडून आहे.

आपल्याकडे काहीच झालं नाही असं मुळीच नाही. उलट इतिहास इतका विचित्र आहे की तो शाळेत शिकवायला हवा. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन, ज्याला २१ डिसेंबर १९०९ ला अनंत कान्हेरेंनी विजयानंद थिएटरमध्ये गोळ्या घातल्या, त्याने प्रश्नावल्या तयार करून गावोगावच्या शाळामास्तरांकडून लोकसमजुतींची उत्तरं मागवली होती. तो गेल्यावर एन्थोवेन या दुसऱ्या अधिकाऱ्याने ते कागद लावून छापले, गुजरातचा भाग १९१४ ला आणि कोकणचा १९१५ ला. गिऱ्हा, मुंजा, समंध, देवचार, झोटिंग, खवीस, लावसट, सगळे त्यात आहेत. ही माहिती कुणी दिली? बहुतेक ठिकाणी तळटीपेत फक्त स्कूल मास्टर आणि पुढे गावाचं नाव. मराठी मास्तरांनी मराठी गावात ऐकलेलं, इंग्रजीत छापलं गेलं आणि सरकारी पुस्तक म्हणून राहिलं.

अगदी त्याच सुमारास, १९१० साली, इथे यानागिता कुनिओ या सरकारी अधिकाऱ्यानेच तोनो नावाच्या डोंगराळ भागातल्या ११९ हकिकतींचं छोटं पुस्तक काढलं, पहिल्या आवृत्तीच्या प्रती फक्त ३५०. त्याला सांगणारा होता सासाकी किझेन हा तोनोचाच तरुण, आणि यानागिताने पुस्तकाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवलं की हे सगळं मी त्याच्याकडून ऐकलं. जपानी माणसाने जपानी वाचकासाठी जपानीत लिहिलं आणि सांगणाऱ्याचं नाव राहिलं. फरक एवढाच, पण शंभर वर्षांत तो केवढा वाढला! तोनो आज त्या पुस्तकावर जगतं, तिथे कप्पा पकडायचं लायसन्ससुद्धा विकत मिळतं. आमच्या मास्तरांची गावं मात्र कोणी शोधायला गेलं नाही. दुर्गा भागवत, सरोजिनी बाबर, रा. चिं. ढेरे यांनी ओव्या, व्रतं, लोकदैवतं यावर अफाट काम करून ठेवलंय, त्याबद्दल मला फार आदर आहे, पण एखाद्या चित्रकाराच्या हातात देता येईल असं आपल्या भुतांचं गाववार, सचित्र, मराठी पुस्तक मी शोधलं तेव्हा मिळालं नाही.

मिझुकी शिगेरूचं उदाहरण भाच्याला मी पहिल्यांदा दिलं. साकाइमिनातो या मासेमारीच्या गावात वाढलेला हा मुलगा, घरी कामाला येणाऱ्या एका म्हातारीकडून त्याने योकाईंच्या गोष्टी ऐकल्या, पुढे दुसऱ्या महायुद्धात पापुआ न्यू गिनीतल्या रबौलला डावा हात गमावला आणि उरलेल्या हाताने जन्मभर योकाईंची कॉमिक्स काढली. आज त्या गावाच्या रस्त्यावर दुतर्फा योकाईंचे ब्राँझचे पुतळे आहेत, शंभराच्या वर. पण त्याने फक्त आठवणीवर काढलं असं नाही, त्याने सेकिएन पाहिला होता, यानागिता वाचला होता. म्हणजे गोष्टी सांगणारी म्हातारीही हवी आणि पुस्तकांचं कपाटही हवं. भाच्याकडे अजून दोन्ही अर्धं अर्धं आहे.

आता मामीच्या बदनामीच्या मुद्द्याबद्दल. मला वाटतं बदनामी भुतामुळे होत नाही, अर्धवट भुतामुळे होते. हडळ घ्या. आपल्या पिक्चरमध्ये ती केस मोकळे सोडलेली, पुरुषांना भुलवणारी बाई असते, बस. पण गावात विचारलंत तर सांगतील की हडळ, अळवंतीण ही बाळंतपणात गेलेली बाई. पुढून भरलेली दिसते आणि मागून नुसता सांगाडा. ज्या काळात घराघरातून बाळंतिणी जात होत्या त्या काळातल्या बायकांचं दुःख आणि त्यांच्याविषयीची भीती, दोन्ही या एका आकृतीत आहे. जपानमध्ये हिचीच बहीण आहे, उबुमे. ती रात्री रस्त्यावर उभी राहते, हातात बाळ असतं, आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला म्हणते, जरा याला धरता का. धरलं की बाळ जड व्हायला लागतं. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला भीती नाही वाटली, मला रडू आलं. तिला कोणाचा जीव नकोय, तिला बाळ कोणाच्या तरी हातात द्यायचंय! हडळीच्या हातून आपण बाळच काढून घेतलं आणि मग ती फक्त भुलवणारी बाई उरली.

आणि एक गोष्ट आपण बोलतच नाही. आपली भुतं जातवार आहेत. ब्राह्मण मेला तर ब्रह्मसमंध, मुसलमान मेला तर खवीस, मुंजा व्हायचं तर मुळात मुंज झालेली हवी, सोडमुंज व्हायच्या आत मेलेला मुलगा तो मुंजा, म्हणजे ते पिंपळावरचं भूतसुद्धा प्रत्येकाला होता येत नाही. त्या १९१५च्या पुस्तकात हे अगदी सरळ लिहिलेलं आहे. मेल्यावरही माणसाची पायरी सुटत नाही असं मानणाऱ्या समाजात आपण वाढलो आणि आज युनिव्हर्स बनवताना हे सगळं गुळगुळीत करून एकाला आग, एकाला पाणी अशा पॉवर वाटून टाकतोय. भाच्याला मी हेच लिहिलं की पॉवर देऊ नकोस, हे घे. एकाच ओढ्यावर मेलेली दोन माणसं, आणि गाव ठरवतंय की यातला कोण समंध आणि कोण खवीस, एकाला नारळ मिळतो आणि दुसऱ्याला खिळा. गोष्ट तिथे आहे.

इथलं सगळं चांगलं असं मी म्हणत नाही. तोनोच्या त्याच पुस्तकात कप्पापासून झालेली म्हणून विचित्र दिसणारी बाळं मारून पुरल्याची हकिकत आहे, आणि तोनोला आज कप्पाची मऊ खेळणी मिळतात. आपण सगळ्याचं हॉरर करून टाकलं, यांनी सगळ्याचं गोंडस करून टाकलं, नको असलेलं मूल दोन्हीकडे गायब झालं. माझ्या मुलीच्या खोलीतही एक हिरवा कप्पा आहे. ती मोठी झाल्यावर मी तिला ती हकिकत सांगणार आहे.

काकांची भीती मला खोटी वाटत नाही. २० ऑगस्ट २०१३ ला दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याच्या अनुसूचीतली पहिलीच बाब भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीने बांधणं, काठीने मारणं, मिरचीची धुरी देणं ही आहे. हे प्रकार होत होते म्हणूनच ते लिहावं लागलं. पण त्यात गोष्ट लिहिण्यावर कुठेच बंदी नाही, आणि ती असूही नये. मारहाण करणाऱ्या भगताला भुताची गोष्ट पूर्ण माहीत असलेला माणूस नको असतो, घाबरलेला माणूस हवा असतो. म्हणून काकांनीच भाच्याशेजारी बसावं असं मला मनापासून वाटतं.

एका बाबतीत मात्र मी मामीच्या बाजूने आहे. भाच्याच्या पानांत वेताळ व्हिलन आहे, कवट्यांच्या सिंहासनावर बसलेला. वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबाच्या, म्हणजे वेताळाच्याच, देवळात लोक नवसाच्या चपला वाहतात, चामड्याच्या, माणसाच्या पायात कधीच बसणार नाहीत एवढ्या मोठ्या, आणि केळ्यांचे घड. देव रात्री गावाची गस्त घालतो आणि चालून चालून चपला झिजतात अशी श्रद्धा आहे. तिथे तो भुतांचा राजा असूनही गावाचा पहारेकरी आहे, लोक त्याच्याकडे भांडणं घेऊन येतात. त्याला गोष्टीत आणायला माझी हरकत नाही, पण आधी आरवलीला जाऊन चार दिवस राहा, पुजाऱ्याशी बोल, चपला शिवणाऱ्याशी बोल, कोण कशासाठी नवस बोललं ते विचार, आणि सांगणाऱ्यांची परवानगी असेल तर त्यांची नावं पुस्तकाच्या पहिल्या पानावर छाप. सिंहासनाचं पान तोपर्यंत बाजूला ठेव. गिऱ्ह्याबद्दल मी मामीला वेगळा फोन केलाय, ती तिच्या सासूबाईंना विचारून सांगणार आहे.