व्हॅटिकन म्हणजे ‘वाटिका’? चर्चखालचे दगड काय सांगतात

दर काही महिन्यांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरून येतो: व्हॅटिकन हे मुळात ‘वाटिका’, सेंट पीटर्स चर्च शिवलिंगाच्या आकाराचं, तिथल्या म्युझियममध्ये शिवलिंगही आहे, म्हणजे चर्चखाली शिवमंदिर गाडलंय. आमच्या घरी रोज शंकराला बेल वाहतात, म्हणूनच हे लिहावंसं वाटलं.

आधी नाव. उच्चार जुळला म्हणून शब्दांचं नातं लागत नाही. पाव किलोतला ‘पाव’ संस्कृत ‘पाद’वरून आला, वडापावातला पोर्तुगीजांकडून. संस्कृत-लॅटिन बहिणी आहेत हे खरंच; सप्त-सेप्टेम, अष्ट-ऑक्टो ही जोडी नियमाने जुळते. ‘वाटिका’चं तसं नाही. रोमन सम्राट कॅलिग्युलाच्या आईच्या बागा तिथे होत्या, पण रोमन लोक बागेला ‘होर्टी’ म्हणत.

आकाराचा पुरावा तर आकाशातून काढलेल्या फोटोचा. त्यात मधोमध दिसणारा स्तंभ कॅलिग्युलाने इजिप्तहून आणला. तो चर्चच्या दक्षिण अंगाला होता, १५८६ साली समोर हलवला. लंबगोल चौक वास्तुकार बर्निनीने १६५६ ते १६६७ मध्ये बांधला. चौथ्या शतकातलं, सम्राट कॉन्स्टंटाइनचं मूळ चर्च लांबट, कौलारू होतं, त्याला घुमटही नव्हता. ते पाडायला घेऊन १५०६ साली आजच्या चर्चचा पाया घातला. ज्या आकारावरून प्राचीन मंदिर सिद्ध करायचं, तो जेमतेम साडेतीनशे वर्षांचा आहे.

म्युझियमचं थोडक्यात. इटलीतले जुने एट्रस्कन लोक थडग्याबाहेर दगड उभे करत, चेर्वेतेरी या त्यांच्या गावी पुरुषांसाठी खांबासारखे आणि बायकांसाठी घरासारखे. असा दगड दिसला की त्याला शिवलिंग म्हणणं म्हणजे त्यांचं मरण त्यांच्यापासून हिरावून घेणं.

आणि चर्चखाली? १९४० च्या दशकात खणलं तेव्हा अख्खी गल्ली सापडली, दोन्ही बाजूंना विटांची थडगी, घरांसारखी. एकाच्या दारावर पोपिलियस हेराक्लाचं मृत्युपत्र कोरलंय: माझं थडगं व्हॅटिकनमध्ये, सर्कसजवळ (म्हणजे रथांच्या शर्यतीच्या मैदानाजवळ), उल्पियस नार्सिससच्या थडग्याशेजारी बांधा, सहा हजार सेस्टर्स (रोमन नाणी) खर्चून. शेजाऱ्याचं नाव, खर्चाचा आकडा, सगळं दगडात आहे. आणखी एका लहानशा थडग्याच्या छतावर द्राक्षवेलींमधून रथ हाकणारा सूर्य आहे, अनेक अभ्यासक त्याला ख्रिस्त मानतात. कॉन्स्टंटाइनच्या गवंड्यांनी टेकडी कापली, थडग्यांत माती भरली आणि वर चर्च उभं केलं. त्या मातीमुळेच ही गल्ली टिकली. येशूचा शिष्य पीटर याची कबर म्हणून भाविक ज्या जागेला येतात, तीही याच थडग्यांमधली, मुख्य वेदीच्या बरोबर खाली.

परक्या देवाचं ठाणं तिथे जवळपास होतंच, पण सिबेली या मातृदेवतेचं. १६०९ मध्ये चर्चच्या दर्शनी भागाचं काम चालू असताना तिच्या वेदी सापडल्या. बैलाचा, मेंढ्याचा बळी देणाऱ्या भक्तांची नावं त्यांवर कोरलेली आहेत. ती पुसून तिथे शंकराचं नाव लिहायला माझा हात धजणार नाही.