रंग भरायचे वीस रुपये

चाळीस रुपये ही काही मोठी रक्कम नव्हे आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षकाला ती विसरून जाता यायला हवी, हे मला मान्य आहे. तरीही गेल्या गुरुवारपासून ती माझ्या मनातून जात नाही, कारण त्यातील वीस रुपये माझ्या छायाचित्रात मी न मागितलेले रंग भरल्याबद्दल आणि उरलेले वीस तेच रंग पुन्हा काढून टाकल्याबद्दल माझ्याकडून रोख घेण्यात आले.

पोळ्याच्या दिवशी आमच्या गावच्या तोरणाखाली उभ्या असलेल्या गवळाऊ जातीच्या एका बैलजोडीचे मी छायाचित्र काढले, रात्री ते संगणकावर कृष्णधवल केले आणि मोठ्या आकारात छापण्यासाठी तालुक्याच्या एका दुकानात पाठवून दिले. त्या दुकानात झेरॉक्स, लॅमिनेशन, पीक विम्याचे अर्ज आणि फोटोंची छपाई ही सारी कामे एकच मुलगा एकाच खुर्चीवर बसून करतो. दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा त्याने मोठ्या हौसेने गुंडाळी उलगडली आणि मला माझे बैल ओळखू येईनात. पांढरीशुभ्र गवळाऊ जोडी दुधाच्या चहासारखी झाली होती. मालकाने शिंगांना लावलेला गुलाबी रंग मातकट झाला होता, लाल झूल निळी झाली होती आणि पाठीवरचे गेरूचे ठिपके असे करडे उमटले होते, की जोडीला पोळ्यात नेण्याऐवजी आधी गुरांच्या दवाखान्यात न्यावे असे कोणालाही वाटले असते.

"सर, तुमच्या फाईलचा कलर उडाला होता," तो म्हणाला. "आभाळ तं पुरंच कायं झालं होतं. मी कलर भरून देला. वीस रुपये जास्तीचे होतीन."

रंग उडालेले नव्हते, ते मी स्वतः काढले होते, हे मी त्याला शक्य तितक्या शांतपणे सांगितले. आकाशाबद्दल तर मला विशेष अभिमान होता. अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्सने १९२७ साली तिकडच्या योसेमिटीतील हाफ डोम या प्रचंड कड्याचे छायाचित्र घेताना भिंगापुढे गडद लाल फिल्टर लावून निळे आकाश जवळजवळ काळे केले होते. मी त्याच इराद्याने संगणकावर निळ्या रंगाची पट्टी शेवटपर्यंत डावीकडे ओढली होती. मुलाने माझ्याकडे पाहिले. पाणी लागलेली विहीर कोणी स्वतःच्या हाताने बुजवली असे ऐकल्यावर माणूस ज्या नजरेने पाहील, त्या नजरेने पाहिले.

"तुम्हीच काढले?"

"हो. मीच काढले."

"पण काऊन?"

हा प्रश्न मुलाचा नव्हता. प्लास्टिकच्या खुर्चीत हातात सातबारा धरून बसलेले एक वृद्ध गृहस्थ एव्हाना खुर्चीसकट आमच्याकडे वळले होते. पांढरे धोतर, डोक्यावर टोपी, खिशात चष्म्याचे घर. त्यांना मी ओळखत नव्हतो आणि तेही मला ओळखत नव्हते, परंतु शिक्षक लपून राहत नाही. पुढचा पाऊण तास मी त्यांचा 'गुर्जी' होतो आणि ते माझे काकाजी.

मी ते वाक्य उच्चारले. "काकाजी, रंगांमुळे लक्ष विचलित होते. रंग काढून टाकले की आकार, पोत आणि छायाप्रकाश तेवढे उरतात." आमच्या भागातील प्रत्येक हौशी छायाचित्रकाराला हे वाक्य पाठ आहे, कॅमेऱ्याच्या खोक्यात हमीपत्रासोबत ते छापून येत असावे.

"लक्ष भटकते?" काकाजी म्हणाले. "कोणाचं भटकते? पोयाच्या दिवशी बैलाचा रंग नाही पाहाचा तं का पाहाचं? त्या मानसानं आदल्या दिवशी खांद शेकली, शिंगं घासली, रंग लावला, बेगड लावली, नवा कासरा आणला, कवड्याची माळ आणली, हजार रुपये घातले त्याच्यात. अन् तुमी एका रातीत धुऊन टाकलं!"

मुलगा हसला. मी हसलो नाही.

मी सेवाग्रामचा आधार घ्यायचे ठरवले, कारण आमच्या जिल्ह्यात वाद हरू लागला की सेवाग्रामचा आधार घेण्याची पद्धत आहे. बापूंच्या नात्यातल्या कनू गांधींनी त्यांची कितीतरी कृष्णधवल छायाचित्रे घेतली, असे मी सांगितले. बापूंनी त्यांना तीन अटी घातल्या होत्या: फ्लॅश वापरायचा नाही, मुद्दाम उभे राहायला सांगायचे नाही आणि आश्रम त्याचा खर्च देणार नाही. त्या अटी पाळून काढलेली ती छायाचित्रे आजही पाहत राहावीशी वाटतात आणि त्यांत रंग नसल्याची उणीव कोणाला जाणवत नाही.

"गांधीबाबा तं पांढरंच नेसत होते, बाप्पा," काकाजी म्हणाले. "त्याहीले कायले पाह्यजे रंग? तुमचा बैल का खादी घालते?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते आणि अजूनही नाही. त्यांनी मला सावरायला वेळही दिला नाही. "माह्या पोट्ट्यानं मांगच्या साली पऱ्हाटीवरच्या अळीचा फोटो कृषीवाल्या सायबाले धाडला होता. तो काया-पांढरा धाडला असता तं सायबानं का ओयखलं असतं, बोंडअळी गुलाबी हाय का हिरवी? फवारा मारला असता भलताच, अन् कापूस गेला असता."

कृषिशास्त्र आणि ललितकला यांतील फरक मी समजावून सांगू शकलो असतो. सांगितला नाही, कारण एक गोष्ट मला आतून टोचत होती. मूळ छायाचित्रात बैलांच्या मागे एक पिवळे जेसीबी उभे होते. त्याच्या शेजारी निळी ताडपत्री होती आणि तोरणाच्या बरोबर वर कोणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर होता, ज्यात सतरा माणसे हात जोडून उभी होती. शिवाय भर दुपारी दोनचे ऊन होते, ज्यात विदर्भातील कोणताही शहाणा माणूस कॅमेरा बाहेर काढत नाही. रंगीत छायाचित्र अगदीच भिकार होते. रात्री रंग काढले, तेव्हा जेसीबी करडे होऊन मागे सरले, ताडपत्री अंधारात बुडाली, सतरा शुभेच्छुक धुरकट झाले आणि तेच भिकार छायाचित्र एकाएकी गंभीर दिसू लागले. आकार, पोत आणि छायाप्रकाश यांची आठवण मला त्यानंतर झाली. आमच्या मंडळींपैकी निम्मे तरी याच दाराने कृष्णधवलात शिरतात, असा माझा अंदाज आहे. पण चहाच्या टपरीवर विषय निघाला की प्रत्येकाला जन्मतःच छायाप्रकाशाची ओढ असल्याचे निघते.

आणि विषय निघालाच आहे, तर हेही बोलून टाकतो. आम्हा हौशी लोकांच्या कृष्णधवल चित्रांत तीनच गोष्टी असतात: भेगाळलेली जमीन, एकटे झाड आणि सुरकुतलेला म्हातारा. म्हाताऱ्याने अंगात निळा टेरिकॉटचा सदरा घातलेला असतो आणि तो पानाच्या दुकानासमोर कोणाची तरी चेष्टा करत बसलेला असतो. रंगीत चित्रात तो दिसतो तसाच राहतो, हसरा आणि किंचित खोडकर. रंग काढले की तो 'वेदना' होतो. गेल्या वर्षीच्या एका प्रदर्शनात अशा अकरा वेदना एका ओळीत टांगलेल्या होत्या आणि त्यांतल्या दोन माझ्या होत्या. त्या दोघांपैकी एकाने नंतर मला रस्त्यात अडवून विचारले होते, "गुर्जी, मी घरी नवा सदरा घालून आलो असतो ना, पण तुमी मले सांगतलंच नाही." यात विनोद आहे असे मला तेव्हा वाटले होते.

काकाजींना मात्र आता दुसरेच काही आठवले होते. त्यांनी नातवाला फोन लावून घरच्या भिंतीवरचा लग्नाचा फोटो मोबाइलवर मागवला. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीचे लग्न. फोटो चौरस होता, त्यावरून तो क्लिक थ्रीसारख्या एखाद्या साध्या कॅमेऱ्याने काढला असावा असा मी तर्क केला. त्या कॅमेऱ्यात १२० क्रमांकाच्या रिळावर सहा सेंटिमीटर लांबीरुंदीचे बारा फोटो निघत. काकाजींनी त्याला दुजोरा दिला: "बारा फोटोत लगन आटपलं आमचं. अकरावा फोटो सासऱ्याच्या बैलगाडीचा हाय."

अशा फोटोंचा जन्म मी लहानपणी पाहिलेला आहे. तालुक्याच्या एका स्टुडिओच्या मागच्या खोलीत लाल दिवा जळत असे, कारण फोटो छापायच्या ब्रोमाइड कागदाला लाल उजेड दिसत नाही. ताटलीतील पाण्यासारख्या द्रावात कोरा कागद टाकला की मिनिटभरात आधी केस, मग डोळे, मग कोटाची कॉलर असा माणूस वर येई. त्यानंतर त्याला हायपोत, म्हणजे चित्र पक्के करणाऱ्या रसायनात, बुडवत. हायपोत चांदीचे क्षार विरघळतात हे जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८१९ साली शोधले आणि वीस वर्षांनी, फोटोग्राफी जन्माला आली तेव्हा, तोच शोध चित्र टिकवण्याच्या कामी आला. हायपोचा तो आंबूस वास आणि तो लाल अंधार यांनी मी कायमचा बिघडलो. हे मी काकाजींना सांगायला हवे होते. छायाप्रकाशाच्या वाक्यापेक्षा ते अधिक खरे होते.

"हे पाहा," काकाजी मोबाइल माझ्या नाकाशी धरून म्हणाले. "हे आमची मंडळी. लगनात शालू हिरवा होता. मी सोता वर्ध्याहून आणला होता. अन् ते म्हणते, जांभया होता. पन्नास वर्सं झाले, भांडण सुरू हाय. तुमी शिकलेले मानूस, सांगा, हिरवा का जांभया?"

प्रथमच माझ्या विद्येला कोणी प्रश्न विचारत होते. मी खुर्ची ओढून बसलो. संगणक रंगीत चित्राचे कृष्णधवल करतो, तेव्हा तो साधारणपणे लालाचे ३०, हिरव्याचे ५९ आणि निळ्याचे ११ टक्के धरून करडी छटा काढतो, कारण आपल्या डोळ्याला हिरवा सर्वांत उजळ वाटतो. म्हणून ताज्या मिरचीचा लाल आणि तिच्या पानांचा हिरवा हे पुष्कळदा एकाच करड्यात मिसळून जातात आणि मिरचीच्या शेताचे कृष्णधवल चित्र पालकासारखे दिसते. या हिशेबाने जांभळा गडद आणि हिरवा त्याहून उजळ यायला हवा. परंतु फिल्मचा हिशेब वेगळा असतो. ती डोळ्यापेक्षा निळ्या-जांभळ्या प्रकाशाला अधिक प्रतिसाद देते, त्यामुळे तिच्यावर जांभळा अपेक्षेपेक्षा उजळ येतो. शालू मध्यम करडा होता. काकाजींनी हे सर्व मान हलवत ऐकून घेतले.

"म्हंजे हिरवा असू शकते?"

"असू शकतो. जांभळाही असू शकतो."

"मंग तुमचं शास्त्र कायच्या कामाचं?"

मुलाला ही गाठ सोडवण्याची संधी दिसली. त्याने तो फोटो स्वतःकडे घेतला आणि माझ्या बैलांवर चालवलेलीच कळ त्याच्यावर चालवली. शालू लालभडक झाला. भारतीय नवरी म्हणजे लाल, एवढे त्या यंत्राला कोणीतरी शिकवले असावे. काकाजींनी बराच वेळ पडद्याकडे पाहिले आणि म्हणाले, "याले सांग, तू लगनात नव्हता. हिरवा कर." मुलाने माउस फिरवून फिरवून शालू हाताने हिरवा केला, थोडा हिरवा शेजारच्या करवलीच्या हाताला लागला तो पुसला, आणि चकचकीत कागदावर छापून दिला. त्याचेही वीस रुपये झाले. काकाजींनी ते आनंदाने मोजले. मग त्यांनी फोटोच्या मागे मला सही करायला लावली. "शाळेच्या गुर्जीनं तपासला, असं लिहा," ते म्हणाले. मी नुसतीच सही केली. त्या घरी काय झाले असेल, याचा विचार मी करत नाही.

माझ्या कामाला त्यानंतर मुहूर्त लागला. मूळ कृष्णधवल फाईल मुलाने पुसून टाकली होती आणि त्याच्याकडे स्वतःचीच रंगीत प्रत उरली होती, म्हणून तिच्यातले रंग काढण्याचे त्याने वेगळे वीस रुपये सांगितले. माझी प्रत घरच्या संगणकात होती आणि घर अठरा किलोमीटरवर होते. पैसे देताना मला एका जर्मन कंपनीची आठवण झाली. डिजिटल कॅमेऱ्याच्या संवेदकाला मुळात फक्त उजेड कळतो. रंग कळावा म्हणून त्याच्यावर लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांचे एक बारीक जाळे बसवलेले असते. लायकाने २०१२ साली हे जाळे काढून टाकले आणि केवळ कृष्णधवल चित्रे घेणारा कॅमेरा त्याच घराण्यातील रंगीत कॅमेऱ्यापेक्षा महाग विकला. म्हणजे काढून टाकण्याचे पैसे घेणारा हा मुलगा जगात एकटा नव्हता. फक्त लायका आधी रंग भरण्याचे पैसे घेत नाही.

यंत्रातून कागद हळूहळू बाहेर आला. आकाश काळे, बैल पांढरे, शिंगांवर उजेडाची धार. चहाचा मागमूस नव्हता. मी कागद हातात घेऊन दाराच्या उजेडात गेलो. काकाजी सायकलला कुलूप काढत होते. ते थांबले, चष्मा लावला आणि कागदाकडे आधी सरळ व मग तिरके पाहिले. रंगीत शाई एकमेकींत मिसळून करडा रंग तयार करणाऱ्या छपाई यंत्रांना निखळ करडा साधत नाही, त्यात कुठली तरी झाक राहूनच जाते, हे मला ठाऊक होते. पण दुकानातल्या ट्यूबलाइटखाली मला ती दिसली नव्हती.

"गुर्जी," काकाजी म्हणाले, "तुमचे बैल जांभये दिसून राह्यले."