मुलांना रस्ता सुरक्षा शिकवण्याची घरगुती पद्धत

जानेवारी आला की शाळांना रस्ता सुरक्षेची आठवण येते. यंदा गोव्यातल्या डिचोलीकडच्या एका शाळेने चित्रकला स्पर्धेला परीक्षक म्हणून मला बोलावलं. पहिला नंबर मी सहावीतल्या एका मुलाला दिला. स्कूटरवर लाल हेल्मेट घातलेले पप्पा, मागे तसंच लहान हेल्मेट घातलेला मुलगा आणि रस्त्यावर झेब्रा क्रॉसिंगचे पांढरेशुभ्र पट्टे. ते पट्टे पाहूनच मला कळायला हवं होतं. उभा जन्म चित्रकला शिकवली, तरी स्मरणचित्र आणि कल्पनाचित्र यांतला फरक ओळखता आला नाही.

बक्षीस समारंभ आटोपून घरी निघालो. व्हाळशीच्या वळणावर राँग साइडने एक स्कूटर आली आणि माझ्या हँडलला घासून गेली. मी आडवा. गुडघा सोलला, आरसा फुटला, ब्रेकचा दांडा वाकला. त्या स्कूटरवर चौघं होती. वडील, त्यांच्या पुढ्यात उभी चिमुरडी, मागे मुलगा, त्याच्यामागे आई. हेल्मेट एकच, तेही आईच्या कोपरात, भाजीच्या पिशवीशेजारी. वडील माझ्यावरच खेकसले, "दिसना मरे तुका?" मग तोंड नीट बघून म्हणाले, "सर, तुमी!"

मुलाच्या हातात तासाभरापूर्वी मीच दिलेली ढाल होती.

तर पालकहो, रस्ता सुरक्षा शाळेत शिकवणं म्हणजे फुकटची मेहनत. रोज सकाळी शाळेच्या वाटेवर तुम्ही जो वर्ग घेता, त्याची सर कुठल्या टीचरना यायची? ज्यांना अजून तितकंसं साधलेलं नाही, त्यांच्यासाठी काही सूचना.

हेल्मेट ही डोक्याची नव्हे, पोलिसाची वस्तू आहे हे मुलाच्या मनावर बिंबवा. नाका दिसला की डोक्यावर, नाका सरला की आरशावर. समोरून येणाऱ्याने हेडलाइट मिचकावला की पुढे चेकिंग आहे, ही खूण पोराला बाराखडीआधी यावी. गावाच्या ग्रुपवर 'चेकिंग आसा' असा मेसेज टाकणं ही समाजसेवा, हेही सांगा. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं आहे, ही बातमी मात्र त्याच्या कानावर जाऊ देऊ नका. त्याहून धाकट्यांसाठी तर 2023च्या फेब्रुवारीपासून चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा पट्टा, लहान मापाचं हेल्मेट आणि ताशी 40 किलोमीटरची मर्यादा आहे. पण पट्टा कशाला? पुढ्यात उभं केलेलं मूल हँडल धरतंच की. ब्रेक लागला तर त्याची हनुवटी स्पीडोमीटरवर आपटेल, एवढंच.

सिग्नल म्हणजे हॉर्न वाजवण्याची जागा.

बालरथ, म्हणजे शाळेची बस, थांबला आणि मुलं उतरू लागली की डाव्या अंगाने ओव्हरटेक करा. आपलं मूल त्यात नसेल याची खात्री करून घ्या म्हणजे झालं.

गाडीला सनरूफ असेल तर पैसे वसूल करा, मुलांना त्यातून वर काढा. जत्रेला जाताना विशेष शोभतं.

आता सगळ्यात मोठा धडा, दहावीचा. निकाल लागला की पोराला स्कूटर घ्या. ट्यूशन लांब आहे, बस वेळेवर येत नाही, तुम्हाला ड्युटी आहे, आणि शेजारच्याने घेतली आहे. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं म्हणे. मिळतं ना, बिनगियरच्या 50 सीसीपर्यंतच्या गाडीचं. तुम्ही आणलीत ती 125 सीसीची. कोणी मोटार वाहन कायद्यातल्या 199अ कलमाचं नाव काढलं तर हसून सोडा. काय आहे त्यात? अल्पवयीन पोराच्या हातून गुन्हा झाला तर पालकाला किंवा गाडीमालकाला 3 वर्षांपर्यंत कैद, 25 हजार दंड, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द, आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. अहो, पंचायतीत आपला माणूस आहे, एक फोन केला की काम झालं! पोरगा दिवाळीतल्या नरकासुराच्या रात्री तिघांना बसवून, सायलेन्सर काढून गावभर फिरतो, तेव्हा तुम्ही अभिमानाने व्हिडिओ काढता. म्हणता, बघा कसा हात सोडून चालवतो! त्या रस्त्यावर गुरं बसलेली असतात, खणून ठेवलेली चर असते, दिवा एकाही खांबावर नसतो. खनिजाचा ट्रक समोरून आला तर तो तुमचा व्हिडिओ बघून बाजूला होणार आहे का? मग 108 येते, मग बांबोळीचं हॉस्पिटल, मग तुम्ही कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून म्हणता, कालच तर गाडी सर्व्हिसिंग करून आणली होती. आणि दोन दिवसांनी सरपंचापासून सरकारपर्यंत सगळ्यांना शिव्या. स्पीडब्रेकरला रंग नव्हता म्हणून. रंग नव्हताच, तो कधी असतो? पण चावी कोणी दिली होती?

बघा, मी चिडलो. सूचना राहिल्याच.

एक गोष्ट सांगायची राहिली. त्या दिवशी स्कूटर माझ्या अंगावर येण्याआधी तो मुलगा ओरडला होता, "पप्पा, राँग साइड!" मी ऐकलं. पाठोपाठ वडिलांचंही ऐकलं, "तूं ओगी राव रे." गप्प बस.

पप्पा, तुम्ही हे वाचत असाल तर आरशाचे पैसे मला नकोत. तुमची लाज वाटते मला. पोराला सगळं येतं. शाळेत शिकवलेलं त्याने डोक्यात ठेवलं, त्याचं चित्र काढलं, वेळेवर बोलूनही दाखवलं. त्या चित्रातले पप्पा तुम्हीच आहात, तुमचा निळा शर्टसुद्धा काढलाय त्याने, आणि तुम्ही त्याला गप्प करता? उद्या सकाळी तो पाठीमागून 'हेल्मेट' म्हणाला तर गाडी फिरवा, घरी जा, कपाटावरचं हेल्मेट उतरवा. दुसरं नसेल तर आधी विकत आणा, तोवर त्याला बालरथातून पाठवा. शाळेला उशीर झाला तर होऊ दे. टीचरना मी सांगतो.