तेवढं फोल्डरला कुलूप लावून द्या की!

घरात कॉम्प्युटर एक आणि त्यावर बसणारी माणसं सात. सातबारा एक, हिस्सेदार सात. त्यातल्या एकाला आपला फोल्डर झाकायचा असतो. मग परभणी असो की नांदेड, ज्याला या डब्यातलं थोडंफार कळतं त्याला निरोप येतो, "दादा, तेवढं फोल्डरला कुलूप लावून द्या की." या 'तेवढं'नं आमच्यासारख्यांचे अख्खे रविवार गिळलेत.

विंडोज वाड्याच्या दिंडी दरवाजाला कुलूप लावतं, आतल्या खोल्यांना नाही. प्रत्येकाला वेगळं युजर अकाउंट करून द्या म्हटलं, की उत्तर ठरलेलं: "घरातल्या घरात कशाला?" अहो, लपवायचंय तेही घरातल्या घरातच ना!

मग कुणीतरी प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड करत 'एन्क्रिप्ट कंटेंट्स'पर्यंत (एन्क्रिप्ट म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नये असं करणं) पोचतं. विंडोज होममध्ये ती ओळ पुसट असते, कितीही टिचक्या मारा. प्रोमध्ये ती चालते, पण पासवर्ड विचारत नाही. तुमचं अकाउंट उघडं टाकून तुम्ही चहाला उठलात, की खुर्चीत बसलेल्या मेव्हण्याला फोल्डर सरळ उघडतो. उलट पीएफएक्स सर्टिफिकेटची, म्हणजे या कुलपाच्या किल्लीच्या फाइलची, प्रत न ठेवता विंडोज नव्यानं टाकलं, तर मालकच उंबऱ्याबाहेर. मेव्हणा आत, मालक बाहेर, अशी ही सोय.

'हिडन' करणं म्हणजे गोधडीखाली लपणं. व्ह्यूमध्ये जाऊन 'हिडन आयटम्स'वर टिचकी मारणं पाचवीतल्या पोरालाही जमतं. बॅच फाइलचं, म्हणजे विंडोजला द्यायचे हुकूम लिहिलेल्या साध्या फाइलचं, कुलूप तर त्याहून भारी: ती नोटपॅडात उघडली की पासवर्ड आत लिहिलेलाच! किल्ली कुलपालाच सुतळीनं बांधलेली.

मी शेवटी सेव्हन-झिपवर येतो, म्हणजे फायली एका गठ्ठ्यात बांधून त्याला पासवर्ड लावणाऱ्या प्रोग्रामवर. फोल्डरवर उजवी क्लिक (विंडोज ११ मध्ये ते नाव दिसलं नाही, तर आधी 'शो मोअर ऑप्शन्स'), मग 'ॲड टू आर्काइव्ह'. फॉरमॅट सेव्हन-झेड ठेवा, म्हणजे एईएस-२५६ हे पक्कं कुलूप मिळतं. झिप निवडलंत तर पद्धतीच्या रकान्यात झिपक्रिप्टो बसलेलं असतं. ते कच्चं कुलूप, बदलून घ्या. 'शो पासवर्ड'वर खूण करूनच पासवर्ड टाका, कारण कॅप्स लॉक चालू असणं हे आपल्याकडं घरोघरचं दुखणं. आणि 'एन्क्रिप्ट फाइल नेम्स' विसरू नका. नाहीतर फाइल उघडत नाही, पण 'सावकाराचा हिशोब' आणि 'मुलीचा बायोडेटा ३' ही नावं सगळ्या भावकीला वाचता येतात.

मॅकवाल्यांचं बरं चाललंय. डिस्क युटिलिटीत 'न्यू इमेज', 'इमेज फ्रॉम फोल्डर', १२८ किंवा २५६ बिट एन्क्रिप्शन, झालं. फक्त पासवर्ड कीचेनमध्ये (मॅकच्या पासवर्डच्या डबीत) ठेवायची खूण काढा. लिनक्सवर 'सीएचमॉड ७००' या फक्त मालकाला आत सोडणाऱ्या हुकमानं दुसरे युजर अडतात. सुडोवाला, म्हणजे सगळे अधिकार हातात असलेला, नाही अडत. लिनक्सचा डेस्कटॉप केडीई असेल तर त्यातल्या व्हॉल्ट्स, म्हणजे कुलूपबंद तिजोऱ्या, वापरा. तिन्हीकडं चालणारं हवं तर व्हेराक्रिप्ट हा प्रोग्राम: ठराविक मापाची कणगी बनवायची, ड्राइव्हसारखी जोडायची, काम झालं की 'अनमाउंट' (जुन्या आवृत्तीत 'डिसमाउंट') करून काढायची. मात्र आत फाइल लिहिली जात असताना लाइट गेली, तर कणगीतला माल बिघडू शकतो. लाइट कधी जाईल हे आपल्याकडं कुणी सांगावं? यूपीएस ठेवा.

आता मूळ फोल्डर. तो बाहेर तसाच राहतो, हे निम्म्यांच्या लक्षातच येत नाही. पेटीला कुलूप आणि दागिने ओसरीवर! पण पुसण्याची घाईही नको. १२९६ साली अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर आला, तेव्हा घाईघाईनं गडावर चढवलेली धान्याची पोती मिठाची निघाली, असं सांगतात. एवढा बेलाग किल्ला, पण पोतं उघडून कुणी बघितलं नाही. तेव्हा आधी 'टेस्ट आर्काइव्ह' करा, पासवर्ड हातानं टाकून दोन-चार फाइली उघडा, आणि मगच शिफ्ट-डिलीट.

एवढं सगळं समजावून झाल्यावर आठ दिवसांनी फोन येतो. "दादा, तेवढा पासवर्ड काढून द्या की."