वेचणीच्या दिवसांत ‘रोज अर्धा तास’ कुठून आणायचा? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

मोठी कामे थोड्या थोड्या, पण नियमित प्रयत्नांनी तडीस जातात, अशा आशयाच्या माझ्या लेखावर आपण पांढरकवड्याकडून सविस्तर प्रतिक्रिया पाठवलीत, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे की, ‘रोज अर्धा तास’ हा सल्ला एक तारखेला पगार होणाऱ्यांसाठी आहे; मृगापासून पोळ्यापर्यंत आणि पुढे कापसाच्या वेचणीत ज्याला दिवस कधी उगवला नि कधी मावळला हे कळत नाही, ओलिताची लाइन, म्हणजे पंपाची वीज, ज्याच्याकडे आज दिवसा तर उद्या मध्यरात्री येते, त्याच्यासाठी हे केवळ ‘सेवाग्रामचे प्रवचन’ आहे. ‘थेंबे थेंबे तळे साचते, पण आधी पाऊस तर पडू द्या,’ हे आपले वाक्य मला मनापासून आवडले. शेवटी आपण दोन प्रश्न विचारले आहेत : विहीर कुणी रोज अर्धा तास खणतो का, आणि महिनाभर खाडा पडला तर माणसाने काय करावे?

विहीर तशी कुणी खणत नाही. मजूर, माती-दगड वर ओढणारी यारी आणि सुरुंगाचे सामान एकदा जमवले की पाऊस लागण्याआधी ते काम उरकावेच लागते, नाहीतर अर्धवट खणलेल्या विहिरीची दरड पावसाच्या झडीत खचते. पैशाचेही तेच आहे. कापसाचा चुकारा एकरकमी येत असेल तर बचतही त्याच दिवशी एकरकमी बाजूला काढावी. शेतकऱ्याला रोज दहा रुपये डब्यात टाकायला सांगणाऱ्याने शेतकऱ्याचा खिसा पाहिलेला नसतो. परंतु माझा लेख या कामांविषयी नव्हता. अभ्यास, पोलीस भरतीचे सोळाशे मीटर धावणे, तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडणे अशा ज्या गोष्टी स्वतःच्या अंगात मुरवाव्या लागतात, त्यांच्याविषयी तो होता. हाती पैसा आला म्हणून त्या एका दमात होत नाहीत, आणि मध्ये मोठा खंड पडला तर कमावलेलेही जाते. हेरमान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने १८८५ साली स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून दाखवले की, पाठ केलेल्या निरर्थक अक्षरांपैकी बरेचसे पहिल्या चोवीस तासांतच विसरले जाते, आणि तेच पाठांतर काही दिवसांत विभागून केले तर एकूण कमी उजळण्यांत भागते.

आपला-माझा खरा मतभेद मापाचा आहे. रोज किती करायचे हे ठरवताना आपण हमखास एखादा निवांत दिवस डोळ्यांसमोर आणतो, आणि म्हणून ते माप पहिल्याच हंगामात मोडते. ते वेचणीतल्या सर्वांत वाईट दिवसाला झेपेल एवढेच असावे, मग ते पाच मिनिटांचे का असेना, असे माझे मत आहे.

आमच्या गावातील एका सुनेने लग्नानंतर सतरा नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे कॉलेजात न जाता बाहेरून, बारावीची परीक्षा दिली. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि वेचणी दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन जानेवारीपर्यंत चालणारी. म्हणजे ‘वेचणी आटोपली की बसू’ म्हणणाऱ्याच्या हाती जेमतेम महिना उरतो. मजुरी किलोवर असल्यामुळे शेतात पुस्तक उघडण्याचा प्रश्नच नव्हता. ती पहाटे चुलीवरचा पाण्याचा गंज (पातेले) तापेपर्यंत इतिहासाचे एकच उत्तर वाचायची, आणि कापूस टाकायची ओटी कमरेला बांधून कपाशीच्या तासाला, म्हणजे ओळीला, लागली की तेच उत्तर मनातल्या मनात आठवून पाहायची. कुठे अडले तर संध्याकाळी काट्यावर आपला कापूस मोजला जाण्याची वाट पाहत असताना, वाळलेल्या बोंडांच्या टोकांनी सोलवटलेल्या बोटांत पेन धरून, तेवढा अडलेला शब्द कागदावर टिपून घ्यायची. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी संशोधकांनी २००६ साली दाखवले की, मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो न पाहता आठवून पाहणाऱ्यांच्या तो आठवड्यानंतर अधिक लक्षात राहतो. तिने हे संशोधन वाचलेले नव्हते. पुस्तक शेतात नेता येत नव्हते, एवढेच कारण होते.

शिवाय तिने अभ्यास घड्याळाला बांधला नाही, पाणी तापण्याला बांधला. लाइनचे वेळापत्रक बदलो, पाहुणे येवोत, पाणी रोज तापतेच. लंडनमधील ९६ जणांवर झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही प्रत्येकाने नवी सवय अशाच एखाद्या रोजच्या प्रसंगाला जोडली होती. ती अंगवळणी पडायला लागणारा काळ १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत निघाला, त्यामुळे ‘एकवीस दिवसांत सवय’ सांगणाऱ्यांकडे आपण खुशाल दुर्लक्ष करावे.

सेवाग्रामच्या टोल्याविषयीही थोडे लिहायला हवे. गांधीजी सेवाग्रामला, म्हणजे वर्ध्याजवळच्या तेव्हाच्या शेगावात, राहायला आले १९३६ साली; अर्ध्या तासाचा आग्रह त्याआधीचा आहे. जून १९२४ मध्ये अहमदाबादला काँग्रेसच्या महासमितीने असा ठराव केला की, प्रतिनिधींनी रोज किमान अर्धा तास सूत कातावे आणि दरमहा दोन हजार यार्ड सूत पाठवावे. वर्षाअखेरीस बेळगावला तर सूत हीच सभासदत्वाची वर्गणी ठरली, आणि पुढच्याच वर्षी ही सक्ती सैल करावी लागली. गांधीजी स्वतः मात्र कातत राहिले. प्रयत्न छोटा असला म्हणून तो वरून लादता येत नाही, असा अर्थ मी यातून काढतो, आणि इथे आपली बाजू बळकट होते हे मान्य करतो.

उन्हाळ्यात शेते रिकामी झाल्यावर तासन् तास अभ्यास करावा, हे आपले म्हणणे रास्तच आहे. मात्र आमच्या पारावर पाहावे तर चैत्र-वैशाखातल्या दुपारी मोकळा वेळ सर्वांनाच असतो आणि तो बहुतेक मोबाइलवर जातो. ज्याने पावसाळ्यात धागा तुटू दिलेला नसतो, तोच उन्हाळ्यात पुस्तक काढतो.

राहिला खाड्याचा प्रश्न. एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात लक्षणीय फरक पडत नाही, हे त्याच लंडनच्या अभ्यासात दिसले. महिन्याची गोष्ट वेगळी. तेव्हा मागची थकबाकी भरून काढायला बसू नये, कारण तो डोंगर पाहूनच माणूस पुस्तक मिटतो. ती सोडून द्यावी आणि आजचे एक उत्तर घ्यावे. त्या सुनेची सासू ऐन डिसेंबरात दवाखान्यात होती आणि तीन आठवडे पुस्तकाला हात लागला नाही. परतल्यावर तिने राज्यशास्त्राचे राहिलेले धडे तसेच टाकून दिले आणि इतिहास जिथे होता तिथून पुढे नेला. निकालात राज्यशास्त्राचे गुण सर्वांत कमी आले, उत्तीर्ण होण्यापुरते. यंदा तिने बी.ए.ला प्रवेश घेतला आहे आणि तो विषय घेतलेला नाही.