दोन बेटं, एक शेगडी आणि ओहोटीची वेळ

उन्हाळा आला की बेटांच्या सहलींचे बेत सुरू होतात. बहुतेक बेत एकाच जागी फसतात. यादीत पाच बेटं असतात आणि शेगडी मध्येच कुठेतरी "जेवणाच्या वेळेला" घुसवलेली असते. माझं स्पष्ट मत आहे की एका दिवसात दोनच बेटं करावीत, फार तर परतीच्या वाटेवर तिसरं, आणि सगळा दिवस ओहोटीच्या वेळेभोवती आखावा. जेवण कधी, शेगडी कुठे, होडी कशी बांधायची, निघायचं कधी, ही चारही उत्तरं ओहोटीच देते.

आधी पाच बेटांचा हिशेब. सात-आठ माणसं असली की होडी लावणं, नांगर टाकणं, सामान उतरवणं, पुन्हा सगळं चढवणं आणि डोकी मोजणं यात दर बेटामागे सहज 40 मिनिटं जातात. पाच बेटांचे 200 मिनिटं झाले. म्हणजे तीन तास वीस मिनिटं नुसती चढउतार, आणि तीही डोक्यावर ऊन असताना.

आता ओहोटी. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात आणि त्यांची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. आज सकाळची पूर्ण ओहोटी आठला असेल, तर तीन दिवसांनी ती साधारण साडेदहाला येईल. शेगडीच्या सहलीला हाच दिवस हवा. पूर्ण ओहोटी साडेदहा ते साडेअकराच्या मध्ये येते तो दिवस भरतीच्या तक्त्यातून शोधा आणि सुट्टी त्याप्रमाणे घ्या. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. तेव्हा पाणी जास्त चढतं-उतरतं आणि दोन बेटांमधल्या चिंचोळ्या जागेत प्रवाह जोरात धावतो, म्हणून नवख्यांनी भांगाचे, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं ते अष्टमीच्या आसपासचे दिवस निवडावेत.

साडेदहाच का, तर पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सहा तासांचे खलाशी बारा भाग करतात: पहिल्या तासात एक भाग पाणी चढतं, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. भरती-ओहोटीतला फरक 3 मीटर धरा. पहिल्या दोन तासांत पाणी फक्त 75 सेंटिमीटर चढेल आणि तिसऱ्या एका तासातच आणखी 75. किनाऱ्याचा उतार वीस मीटरला एक मीटर असेल, तर पहिल्या दोन तासांत पाण्याची कड 15 मीटर आत येते, तिसरा तास संपताना 30 मीटर. पूर्ण ओहोटीला उतरलात तर दोन तास निवांत मिळतात आणि तिसरा तास आवराआवरीचा. शेगडी पाण्याच्या कडेपासून 30 मीटरवर, ओल्या दाबलेल्या वाळूत ठेवा. तिथे वाळकं गवत नसतं, पक्ष्यांची घरटी नसतात आणि सांडलेली राख पुढची भरती धुऊन नेते.

पाणी उतरत असताना होडी वाळूला लावली तर ती तिथेच बसते आणि मग भरतीची वाट पाहण्यावाचून इलाज उरत नाही. चढत्या पाण्यात तो धोका उरत नाही, पण दुसरी चूक हमखास होते: नांगराची दोरी तेव्हाच्या खोलीवरून मोजली जाते. उतरताना खोली 2 मीटर आहे, तिसऱ्या तासाअखेर ती साडेतीन होईल, होडीचं पुढचं टोक पाण्यापासून 1 मीटर उंच आहे. एकूण साडेचार. त्याच्या पाचपट, म्हणजे सुमारे 23 मीटर दोरी सोडायला हवी. दोनाची पाचपट म्हणून 10 मीटर सोडली, तर पाणी वाढेल तशी दोरी ताठ उभी होते, नांगर वर उचलला जातो आणि सगळे जेवायला बसलेले असताना होडी हळूहळू सरकू लागते. जेवताना एका माणसाची नजर होडीवर असलीच पाहिजे.

लांबचं बेट आधी करा. किनाऱ्यालगत उन्हाळ्यात सकाळी समुद्र सहसा शांत असतो. जमीन तापली की समुद्रावरून वारा सुटतो आणि दुपारी तो जोर धरतो. सकाळी आठला निघा, लांबच्या बेटावर पोहणं-फिरणं उरका, पावणेअकरापर्यंत जवळच्या बेटावर शेगडीला या आणि एकला निघा. इंधनाचे तीन भाग करा: एक जायला, एक यायला, एक हात न लावायचा. कुठे जातोय आणि कितीला परतणार हे किनाऱ्यावरच्या एका माणसाला सांगून ठेवा. व्हीएचएफ रेडिओ (होडीवरचा बिनतारी संच) असेल तर चॅनेल 16, म्हणजे संकटात हाक मारायचा चॅनेल, लावलेला असू द्या. लाइफ जॅकेट अंगात हवं, बाकाखाली नको. कोणी पाण्यात उतरलं असेल तर इंजिन पूर्ण बंद.

खाणं घरीच अर्धं तयार करा. सहा जणांना दीड किलो बोनलेस चिकन किंवा मासा पुरतो. चिकन ठोकून दीड-दोन सेंटिमीटर जाडीचं करा, म्हणजे सगळे तुकडे एकाच वेळी शिजतात. चिकन मुरवून, सपाट पिशव्यांत भरून रात्री गोठवलं तर ते स्वतःच बर्फाचं काम करतं. फक्त शेगडी पेटवेपर्यंत ते सुटलेलं हवं. माशाला लिंबू घरून लावू नका. आंबटामुळे मांस भुसभुशीत होतं आणि जाळीवर तुटतं, म्हणून जाळीवर टाकण्याआधी पंधरा-वीस मिनिटं पुरे. साखर किंवा मध असलेला मसाला शेवटच्या दोन मिनिटांत फासा, आधी लावला की बाहेरून जळतो आणि आत कच्चं राहतं. बटाटे उकडून न्या.

बर्फाच्या पेट्या दोन हव्यात. पाण्याची पेटी दिवसात पन्नास वेळा उघडते, म्हणून मांस तिच्यात ठेवू नये. चुऱ्यापेक्षा लादी जास्त टिकते. गोठवलेल्या बाटल्या सगळ्यांत चांगल्या, कारण वितळल्या की ते पाणी पिता येतं. हवा 32 अंशांच्या वर असेल तर कच्चं किंवा शिजलेलं मांस बर्फाबाहेर एका तासापेक्षा जास्त ठेवायचं नाही. उरलेलं "संध्याकाळी खाऊ" म्हणून उघडं ठेवतात, पोटं तिथेच बिघडतात. पिण्याचं पाणी माणशी 3 लिटर धरा.

सहा जणांना 2 किलो कोळसा पुरतो. पेट्रोल किंवा रॉकेल ओतू नका. कोळसा पेटवायच्या चिमणीत खाली दोन कागद घालून पेटवला की वीस-पंचवीस मिनिटांत वरचे तुकडे राखाडी-पांढरे होतात. त्याआधी काहीही टाकायचं नाही. पेटलेले निखारे शेगडीच्या एकाच बाजूला लावा, दुसरी बाजू रिकामी. चरबी ठिबकून जाळ उठला की तुकडे रिकाम्या बाजूला सरकवता येतात. बेटावर खरा त्रास वाऱ्याचा असतो: कोळसा भराभर जळतो, एक कड भट्टीसारखी तापते आणि दुसरी कोमट राहते. तीन बाजूंनी पत्र्याचा आडोसा करा, खालची हवेची भोकं मात्र मोकळी ठेवा. शेगडी होडीच्या आणि इंधनाच्या कॅनच्या वाऱ्याखालच्या बाजूला हवी, म्हणजे ठिणग्या त्यांच्यापासून दूर उडतात.

जाळी आधी पाच मिनिटं तापू द्या, मग तेलाचं फडकं चिमट्याने फिरवा. मासा कोरडा पुसून ठेवा आणि घाईने उलटू नका. खालची कड भाजली की तो आपोआप सुटतो, ओढावा लागला तर वेळ झालेली नाही. चिकनच्या मधोमध थर्मामीटर 74 अंश दाखवायला हवा, माशात 63. रंगावर विश्वास ठेवू नका, मसाल्याने सगळंच तांबूस दिसतं. कच्च्याचा चिमटा आणि शिजलेल्याचा चिमटा वेगळा.

किनाऱ्यावरचे ओलसर दगड मांडून चूल करू नका, आतल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात. समुद्राने आणून टाकलेलं लाकूडही जाळू नका. त्यात मुरलेल्या मिठामुळे विषारी धूर होतो आणि किड्यांपासून पक्ष्यांपर्यंत अनेकांचा त्या लाकडावर आसरा असतो. भरतीच्या रेषेच्या वरच्या वाळूत आणि खड्यांत काही पक्षी उघड्यावर अंडी घालतात आणि ती खड्यांसारखीच दिसतात. डोक्यावर पक्षी घिरट्या घालत ओरडायला लागले की तिथून लगेच मागे फिरा. हाडं, काटे, कणसाची बुरकुंडं सगळी परत आणा. उष्ट्यावर उंदीर पोसले जातात आणि तेच उंदीर पुढे अंडी आणि पिल्लं खातात.

निखारे वाळूत पुरणं हा या सहलीतला सगळ्यांत वाईट प्रकार आहे. वाळू उष्णता बाहेर जाऊ देत नाही. वरून सगळं साफ दिसतं आणि खाली निखारे कित्येक तास धगधगत राहतात. नंतर अनवाणी पळत येणारं मूल नेमकं त्यावर पाय ठेवतं. समोर अख्खा समुद्र असताना असं करण्याला काहीही सबब नाही. सव्वाबारालाच विझवायला घ्या. आधी थोडंथोडं पाणी शिंपडा, एकदम ओतलं तर वाफेने हात भाजतो आणि पत्रा वाकतो. मग ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. 10 लिटरची एक बादली तरी लागते. फुसफुस थांबली, वाफ थांबली, की ओली राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरा. डबा हाताला पूर्ण गार लागेपर्यंत होडीत चढवू नका, आणि धुमसती शेगडी छपराखाली किंवा केबिनमध्ये तर कधीच नाही: कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि बंद जागेत तो जीव घेतो. खाऱ्या पाण्याने विझवलेली शेगडी घरी आल्यावर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवा, नाहीतर गंज चढतो.